घरचा एक माणूस

आलापल्लीच्या रस्त्यावर, जंगलाच्या कडेला, एका कंपनीची सागाची रोपवाटिका आहे. तिथल्या कामगार संघटनेइतकी शिस्तीची संघटना उभ्या दोन जिल्ह्यांत शोधून सापडली नसती. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता सभा म्हणजे अकरा वाजता सभा. साठ-पासष्ट माणसं धुतलेले कपडे घालून येत, सतरंजीवर रांगेनं बसत, हजेरीच्या वहीत सही नाहीतर अंगठा करत, आणि चहा येईपर्यंत एकही जण उठत नसे. बारीकशी एकच अडचण होती. त्या साठ-पासष्टांत रोपवाटिकेत काम करणारं माणूस भर दुपारी दिवा लावून शोधावं लागलं असतं.

हे काही कुणी ठरवून केलं नव्हतं. तिकडची रीतच तशी. मयत असो, लग्नाची बोलणी असो, विहारातली बैठक असो की ग्रामसभा, घरचा एक माणूस गेला की सगळं घर गेलं. आणि जाणार कोण? ज्याच्यावाचून घराचं अडत नाही तो. सून सरपणाला, पोरगा ट्रकवर, पोरगी धुण्याला. उरला तो म्हातारा. त्याच्या खांद्यावर धुतलेला दुपट्टा टाकायचा आणि त्याला वाटेला लावायचं. संघटनाही याच रीतीनं चालली, आणि सतरा वर्षं चालली.

गिरजाबाई खोब्रागडेच्या घरून आधी सासू जायची, ती वारल्यावर गिरजाबाईचा नवरा खुशाल जाऊ लागला. रोपवाटिकेत राबायची ती गिरजाबाई. एकवीस वर्षं. खुशाल पूर्वी लाकडाच्या डेपोत हमाल होता. बारा वर्षांपूर्वी ओंडका घरंगळून पाठीवर आला, तेव्हापासून तो चालू शकायचा, बोलू शकायचा आणि बसू शकायचा. सभेला याहून जास्त काय लागतं? सभेचा रविवार आला की तो सकाळपासून दाढी खरवडत बसे.

परत आला की गिरजाबाई भाकरी थापता थापता विचारायची, "काय झालं सभेत?"

"ठराव पास झाला."

"कायचा?"

"एकमतानं झाला ना. एक बी जन विरोधात नाई गेला."

पुढं ती विचारत नसे. ठराव कशाचे असत ते हळूहळू दिसायचंच. संघटनेनं कुंपणाबाहेर सभेसाठी टिनाचं शेड मिळवलं. सतरंज्या मिळवल्या. मार्कंड्याच्या जत्रेला जायची सुट्टी मिळवली, ती बिनपगारी. कुणी वारलं तर कंपनीकडून हार मिळवला. म्हाताऱ्या माणसांना जे जे लागतं ते सगळं मिळालं. वाफ्यात दिवसभर वाकणाऱ्या बायकांना संडास लागतो, पिशव्यांत खताची माती भरून बोटांना चिरा पडतात, त्याला हातमोजे लागतात, हे त्या शेडात कोण बोलणार? वाफ्यातल्या बायकाच नव्हत्या तिथं. आणि त्यांनी तरी कधी विचारलं की बाबा, तुम्ही तिथं आमच्या वतीनं काय बोलता? नाही विचारलं. गिरजाबाईनंही नाही.

तसं पाहिलं तर संघटना बायकांनीच उभी केली होती. सतरा वर्षांपूर्वी कंपनीनं अकरा बायकांना एका झटक्यात कामावरून काढलं. प्यायला पाणी मागितलं, एवढाच गुन्हा. तेव्हा बाकीच्या फाटकापाशी जाऊन बसल्या. पहिल्या दिवशी वीस होत्या, दुसऱ्या दिवशी चाळीस, तिसऱ्या दिवशी आत एकसुद्धा माणूस नव्हतं आणि वाफे सुकायला लागले होते. गिरजाबाईच्या मांडीवर तिची तीन वर्षांची पोरगी साक्षी झोपली होती. सोमारी मडावी तिच्या शेजारी बसून गोंडी गाणी म्हणत होती आणि अर्थ न कळता सगळ्या मागून म्हणत होत्या. संध्याकाळी मॅनेजर स्वतः बाहेर आला आणि अकराही जणींना परत घेतो म्हणाला. गिरजाबाईला आयुष्यात मोठं झाल्यासारखं वाटलं ते त्या एका संध्याकाळी. तो तिसरा दिवस तिनं जपून ठेवला होता, फक्त पुन्हा कधी वापरला नाही.

मग रोपवाटिकेच्या पाण्याच्या पंपावरचे बशीरभाऊ सेक्रेटरी झाले, कारण त्यांना अर्ज लिहिता येई. माणूस सज्जन. संघटनेचा चहा स्वतःच्या घरून किटलीत आणणारा. त्यांचं चुकलं ते एवढंच की पहिल्याच सभेला बायकांच्या ऐवजी सासू-सासरे आले तेव्हा ते म्हणाले, "चालते ना. घरचा एक आला म्हंजे घर आलं." भरलेली सतरंजी बघून त्यांचा ऊर भरून यायचा. ती कुणी भरली आहे हे ते बघत नव्हते.

यंदा मार्चमध्ये फाटकावर कागद लागला. एक जूनपासून रोपवाटिकेचं सगळं काम एजन्सीकडे जाणार. जुन्या मजुरांचा कंपनीशी संबंध संपला. एजन्सी तिला हवे ते मजूर घेईल. खाली कुठं लिहिलं नव्हतं, पण सुपरवायझरनं तोंडी सांगितलं: चाळिशीच्या आतले.

गिरजाबाई एकोणपन्नास वर्षांची होती. रोपवाटिका गेली तर पुढं काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तेलंगणात मिरची तोडायला जाणं. एकदा ती गेली होती, लग्नाआधी. हात आठ-आठ दिवस जळायचे, पाण्यात बुडवून ठेवले तरी जळायचे. आणि आता मागं पाठ मोडलेला नवरा होता, आणि साक्षीच्या नर्सिंगच्या कोर्सचं एक वर्ष राहिलं होतं. मायनं घर सोडलं तर कोर्स सुटणार, हे उघड होतं.

संघटनेनं लेबर ऑफिसात तक्रारीचा अर्ज केला. एप्रिलमध्ये बशीरभाऊ तिच्या दारात आले. उन्हानं तोंड काळवंडलं होतं. खुशालनं खाट सरकवली, पण ते उंबऱ्यावरच बसले.

"बाई, लेबर साहेबासमोर तारीख झाली. कंपनीच्या वकिलानं आपली वही उलटून पाह्यली न हसला. म्हने, साहेब, हे तं म्हाताऱ्यायचं भजनी मंडळ हाये. यातला एक बी आमचा मजूर नाई."

"मंग? खोटं बोलला का तो?"

बशीरभाऊंनी रुमालानं मान पुसली. "नाई ना. सच बोलला, हेच तं दुखून राह्यलं. मले वाटे साठ मानसं येतेत, म्हंजे साठायची ताकद हाये आपली."

"भाऊ, जडी कशी करतो आपून?" गिरजाबाई म्हणाली. सागाचं वर्षभराचं रोप उपटायचं, वरचा शेंडा-पाला छाटून टाकायचा आणि खालची वीतभर मुळी ठेवायची, ती जडी. पाऊस लागला की ती मातीत खोचतात आणि तिचा साग होतो. "शेंडा फेकतो न मुळी ठेवतो. तुमी सतरा वर्सं उलटं केलं."

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. मुळी कुणी शेडात धरून आणायची होती? तिला पाय नव्हते? सतरा वर्षांत ती एकदाही गेली नव्हती, आणि खुशालनं 'एकमतानं' म्हटलं की तिला बरंच वाटायचं. एक काम घरबसल्या झालं.

"आता सांगा, काय करा लागते?"

साहेब माणूस बरा होता. बारा मेला सकाळी अकरा वाजता तो स्वतः रोपवाटिकेवर येणार होता. मस्टरवर शहाऐंशी मजूर होते. त्यांतले निदान तीस जण त्याच्यासमोर आपल्या पायांनी येऊन म्हणाले की ही संघटना आमची आहे, तर एजन्सी थांबवून कंपनीला बोलायला बसवतो, असं त्यानं सांगितलं होतं. तीस. फाटकावरच्या पहिल्या दिवसापेक्षा दहा जास्त.

गिरजाबाई कामाला लागली. दोन आठवडे, कामावरून सुटलं की ती घरं फिरे. पहिली सोमारीकडे गेली. सोमारी अंगणात मोहाची फुलं वाळवत होती.

"सोमारे, बारा तारखेले तुले यावं लागते. तू सोता."

"येईन व बाई. तू म्हन्तंस तं येईन."

"फाटकावर बसलो होतो ना आपून, तसं."

सोमारी हसली. तिचे समोरचे दोन दात पडले होते. "तवा तं म्या गानं म्हनलं होतं."

अशी एकेक करत गिरजाबाईनं अडतीस नावं जमवली. लिहून ठेवली नाहीत. बोटांच्या पेरांवर होती. अडतीस म्हणजे आठ आजारी पडल्या तरी भागलं. वाफ्यात जड्या छाटताना ती पेरं मोजायची आणि तिला तो तिसरा दिवस आठवायचा. साक्षीला ती म्हणाली, "फीचं फारम भरून ठेव." इतकी तिला खात्री वाटायला लागली होती.

अकरा मेच्या संध्याकाळी बशीरभाऊ भोंगा बांधलेल्या ऑटोत बसून गावोगाव फिरले. गिरजाबाई हातपंपावर होती. आवाज आला: "कामगार बंधू-भगिनीनो, उद्या अकरा वाजता साहेब येऊन राह्यले. प्रत्येक घरून एक मानूस आलाच पाह्यजे. याद ठेवा, प्रत्येक घरून एक मानूस!"

सतरा वर्षं दर महिन्याला ते हेच वाक्य बोलत आले होते. तोंडात बसलेलं वाक्य, ते बाहेर आलं. दुष्टपणा नव्हता, कंपनीचा पैसा खाल्लेला नव्हता. कंपनीला तसली तसदी घ्यावीच लागली नाही. आणि खरं सांगायचं तर गिरजाबाईलाही ते खटकलं नाही. तिनं ऐकलं, बादली भरली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि घरी गेली. कान सरावलेले असले की पायाखालचा साप शेपूट आपटतो तेही ऐकू येत नाही.

बारा तारखेला सकाळी सुपरवायझरनं वाफ्यावर सांगितलं की आज जड्यांचा ट्रक लागणार आहे, जी वाफा सोडेल तिची गैरहजेरी पडेल, आणि एजन्सीचा माणूस आज बघायला आला आहे. एवढंच. पंधरा-वीस शब्द असतील. कुंपणापासून शेड दोनशे पावलांवर होतं.

साडेदहाला गिरजाबाईनं कोयती खाली ठेवली आणि हात पुसले. "चला व," ती म्हणाली. मागं वळून न बघता ती निघाली. लेकराची माय पुढं चालली की लेकरं मागून येतात, तसं तिला वाटलं असावं.

शेडात पोचली तर सतरंजी भरलेली. चौसष्ट माणसं. पांढरेशुभ्र सदरे, खांद्यावर दुपट्टे, काठ्या शेजारी. खुशाल पहिल्या रांगेत, दाढी गुळगुळीत. साहेबांची गाडी आली तेव्हा सगळे एकदम उभे राहिले. साहेबांच्या तोंडावर समाधान दिसलं. सोबत आलेल्या कंपनीच्या वकिलाच्या तोंडावर जास्त दिसलं.

"छान," साहेब म्हणाले. "आता मस्टरवर नाव असलेल्यांनी तेवढे हात वर करा."

बशीरभाऊंनी हात वर केला. गिरजाबाईनं केला. मागच्या बाजूला ट्रॅक्टरवरच्या दोघांनी केला. पहिल्या रांगेत खुशालनंही केला, आणि त्याचं बघून चौसष्ट हात वर गेले. एकमतानं.

"तसं नाही हो," साहेब म्हणाले. "तुम्ही स्वतः इथं काम करता का? आजोबा, तुम्ही?"

"माही सून करते ना."

"मग सून कुठं आहे?"

म्हाताऱ्याला या प्रश्नाचं मोठं नवल वाटलं. "ते कामावर हाये, साहेब. तिची सुट्टी पडली तं कसं जमन? म्हनून तं मी आलो."

भोंग्यावरचं वाक्य गिरजाबाईला आता ऐकू आलं, काल संध्याकाळचं. ती उठली आणि पळत सुटली. एकोणपन्नासाव्या वर्षी, मे महिन्याच्या उन्हात, पायांत चप्पल नाही. वाफ्यापाशी पोचली तेव्हा तिला धड बोलताही येईना.

"सोमारे! चाल ना! साहेब थांबून राह्यला!"

सोमारीनं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे गिरजाबाईला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. होता तो निव्वळ गोंधळ.

"माहा सासरा नाई आला का तिथी? म्या सकाळीच धाडला ना व त्याले. भाकर बांधून देल्ली."

"तो नाई चालत, माय! तू पाह्यजे, तू!"

"काऊन? भोंग्यात तं घरचा एक म्हनला."

सुपरवायझर आणि एजन्सीचा माणूस बांधावर उभे होते. एजन्सीच्या माणसाच्या हातात वही होती. दोघी-तिघी उठल्या, इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि परत बसल्या. "अवो, या ना व!" गिरजाबाई ओरडली. तिला रडू फुटलं आणि त्याचा तिला राग आला. सोमारीनं शेवटी जडी खाली टाकली आणि उठली. तिच्यामागं आणखी चार उठल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या आणि कोयत्या चालवायला लागल्या, इतक्या भराभर की जणू पाऊस आजच पडणार होता.

सगळे मिळून नऊ भरले. साहेबांनी दोनदा मोजले, कुणी वाढतं का म्हणून. अर्धा तास थांबले, चहासुद्धा घेतला. मग कागदावर नऊ लिहिले.

"बाई, मला तीस पाहिजे होते."

"येनार होत्या, साहेब. अडतीस येनार होत्या."

"मी आलेले मोजतो," साहेब म्हणाले. आवाज मऊ होता, त्यानं काही फरक पडला नाही.

एक जूनला एजन्सी आली. बांधावरची वही उघडली. चाळिशीवरच्या एकाही बाईला घेतलं नाही, आणि वाफा सोडून गेलेल्यांत एक बत्तीस वर्षांची होती तिलाही नाही. ज्या मान खाली घालून बसल्या होत्या त्यांतल्याही वीसेक गेल्या. मान खाली घातल्यानं वय लपत नाही. बशीरभाऊंचा पंपही गेला. सोमारी सावली तालुक्याकडे धानाच्या रोवणीला गेली. जाताना भेटून गेली, म्हणाली, "गिरजे, तू मले नीट सांगतलं न्हवतं व." गिरजाबाईनं तिच्याशी वाद घातला नाही.

साक्षी वीस वर्षांची होती. फीचा फॉर्म तिनं भरला होता, तो कपाटात बाबासाहेबांच्या तसबिरीमागं खोचून ठेवला आणि एजन्सीत नाव लावलं. मायच्याच वाफ्यावर, मायचीच कोयती घेऊन. मायपेक्षा कमी रोजीवर, आणि रविवारची सुट्टी नाही. गिरजाबाईनं तिला एका शब्दानं अडवलं नाही. अडवायला हातात काही लागतं.

ऑक्टोबरात बशीरभाऊंनी पुन्हा सभा बोलावली. एजन्सीच्या मजुरांची नवी संघटना. भोंगा नव्हता, पण निरोप तोच होता.

रविवारी सकाळी खुशालची पाठ धरली होती. खाटेवर पडल्या पडल्या तो म्हणाला, "मले आज जमत नाई. तूच जाय सभेले. तू तं रिकामीच हायस."

गिरजाबाईनं साक्षीकडे बघितलं. साक्षी डबा बांधत होती.

"पोरी, मजूर तू हायस. तू जाय. एक दिवस गेला तं गेला."

"माय, एक दिवस नाई जात, कामच जाते. पाह्यलं ना तूनं?" साक्षी दारातून म्हणाली. "तू जाय ना. तू गेली काय न मी गेली काय, एकच हाये."

गिरजाबाई गेली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हे वाटेत तिच्या लक्षात आलं. शेडात सतरंजी भरलेली होती. बहुतेक तेच म्हातारे, आणि आता मधून मधून तिच्या बरोबरीच्या बायका: ज्या जूनमध्ये घरी बसल्या त्या. सगळ्यांच्या लेकी-सुना आत वाफ्यावर होत्या. वाफ्यातल्या बायका सभेत याव्यात, हे जे सतरा वर्षं व्हायला हवं होतं ते आज झालं होतं. आज त्यांच्यापैकी कुणी मजूर राहिलं नव्हतं.

बशीरभाऊंनी नवी वही उघडली. एकेक घर पुकारत तिच्याजवळ आले.

"खोब्रागडे. साक्षी खुशाल. घरून कोन?"

"कोनी नाई," गिरजाबाई म्हणाली.

"अवो, तुमी आल्या ना."

"मी मजूर नाई, भाऊ. आमच्या घरून कोनी नाई आलं, असं लिवा."

दोन-तीन म्हातारे हसले. बशीरभाऊ हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर केला, तिच्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सगळं कळत होतं. पण मागची माणसं पुढच्या नावासाठी खोळंबली होती आणि हातात पेन होतं. त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं: हजर.

गिरजाबाईनं ते वाचलं. मग तिनं कुंपणापलीकडे बघितलं. दोनशे पावलांवर साक्षी वाफ्यात वाकलेली होती. तिनं वर बघितलं नाही.